कादंबरी पन्नासाव्या पानावर का अडते? या चुका टाळा

सोलापुरात लिहिणाऱ्याला विषयाची वानवा नाही. बंद पडलेल्या गिरण्या, पूर्व भागातले माग, विड्या वळणाऱ्या बायका, चार भाषा बोलणारी एकच गल्ली, संक्रांतीतली सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, १९३० चा मार्शल लॉ. एवढा माल हाताशी असूनही कादंबरी सुरू करणारी बरीच मंडळी पन्नासेक पानांवर थांबतात आणि ‘मूड लागत नाही’ म्हणतात. मूडचा त्यात फारसा दोष नसतो. जिथं लेखन अडतं त्या पानावर चूक सहसा सापडतच नाही, ती दोन-तीन प्रकरणं मागं होऊन गेलेली असते. तेव्हा खालचं वाचताना आपलं हस्तलिखित कुठं थांबलं हे बघू नका, कुठून वाकडं होत गेलं ते बघा.

ठिकाणालाच गोष्ट समजणं

‘मला गिरणी कामगारांवर लिहायचंय’ हा विषय झाला. जुन्या मिलची चिमणी, भोंगा, सुनी पडलेली चाळ यांनी मन हललं तर उत्तम, पण त्या हलण्यावर दहा पानं निघतात, तीनशे निघत नाहीत. लिहायला बसण्याआधी एक वाक्य कागदावर उतरलं पाहिजे: कोणाला, काय, कधीपर्यंत हवंय आणि आडवं काय येतंय.

उदाहरणार्थ, ‘विडी कामगार नरसम्माला मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची फी सोमवारच्या आत भरायचीय, पण नवऱ्याची गिरणी बंद झालीय आणि चेकर रोज तिच्या विड्या बाद करतोय.’ यात वेळ आहे, पैसा आहे, समोर माणूस आहे. गोष्ट सुरू होते.

मात्र कादंबरीला एवढं पुरत नाही. फी भरली की संपलं. म्हणून पुढच्या पाच पायऱ्या आधीच काढून ठेवा, आणि अट अशी की प्रत्येक सुटलेल्या अडचणीतून आधीपेक्षा मोठी अडचण निघाली पाहिजे. फी भरली, पण उसन्या पैशांनी. पैसे ज्याच्याकडून घेतले तो चेकरचा मेहुणा. आता विड्या बाद झाल्या तरी नरसम्माला तोंड उघडता येत नाही. तिकडं मुलगी पुण्यात नोकरीला लागते आणि घरी पैसे पाठवायचं टाळते. तिसऱ्या पायरीनंतर काही सुचतच नसेल तर तो ऐवज कथेचा आहे. पंधरा पानांत लिहून टाका. चांगली कथा ताणून पातळ कादंबरी करण्याचा प्रकार मराठीत आधीच पुष्कळ झालाय.

अभ्यासाची वही ओतणं

वर्षभर माहिती गोळा केली की ती वाया जाऊ नये असं वाटतं आणि मग असा परिच्छेद तयार होतो:

‘विडी वळण्यासाठी आधी पानं भिजवतात. मग ती मापानं कापतात. त्यात तंबाखू भरून दोऱ्यानं बांधतात. पंचवीस विड्यांची एक जुडी होते. नरसम्मा हे काम वीस वर्षं करत होती.’

चूक एकही नाही, पण वाचक पान उलटतो. तीच माहिती भांडणात घातली तर:

‘चेकरनं तिसरी जुडी उचलली, अंगठ्यानं दाबली आणि दोरा सोडला. पंचवीसातल्या सहा विड्या टेबलाच्या पलीकडं गेल्या.
“पानच वाळकं दिलं होतं, अण्णा.”
“मग भिजवायला काय झालं होतं?” त्यानं चौथी उचलली.
हात असाच चालला तर चाळीस जुड्यांच्या एकतीसही भरायच्या नाहीत, हे नरसम्माला तिथंच कळलं.’

भिजवणं आलं, जुडी आली, हजार विड्यांचा हिशोब आला, आणि नरसम्माचं काय जाणार हेही आलं. नियम साधा आहे. एका प्रसंगात कामाचे दोन, फार तर तीन तपशील, आणि तेही पात्राला अडवणारे किंवा उपयोगी पडणारे. बाकीचे वहीतच बरे.

याच्या उलट चूकही होते, ती म्हणजे जागा न पाहता लिहिणं. यंत्रमागाच्या कारखान्यात दोन पात्रं हळू आवाजात गुपित बोलतात असा प्रसंग सर्रास सापडतो. दहा माग चालू असताना शेजारच्याशीही ओरडून किंवा खुणेनं बोलावं लागतं. गुपित सांगायचं तर वीज जावी लागेल किंवा दोघांना बाहेर चहाला जावं लागेल. वीज गेली आणि अर्धं वाक्य सगळ्या कारखान्याला ऐकू गेलं, असा प्रसंग तर ती जागाच तुम्हाला फुकट देते. जॅकार्डचा मागही असाच आहे. वरून सरकणाऱ्या पत्त्यांच्या माळेतली भोकं ताण्याचे कोणते धागे उचलायचे ते ठरवतात. माळेतला एखादा पत्ता चुकीचा बसला की नक्षीतली तीच चूक ठरावीक अंतरानं चादरभर पुन्हा उमटते. कारागिराच्या हातून अशी चादर निघाली तर पुढं काय होतं, हे एखाद्या मागवाल्याकडं अर्धा दिवस बसून विचारा. मोबाइलवर शोधून ते मिळणार नाही.

काळाचा गोंधळ

इथल्या वाचकाकडून दाद मिळायची ती तपशिलाला, आणि शिवी मिळायची तीही तपशिलालाच. एका मोठ्या कागदावर तीन रकाने आखा: वर्ष, गावात काय घडलं, पात्राचं वय. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलमध्ये आजोबा कामाला होते आणि नातू आज तिशीत आहे, तर मधल्या पिढ्यांचा हिशोब या कागदावरच लागतो.

नेहमी घसरायच्या जागा अशा. १ एप्रिल १९५७ च्या आधी हिशोब रुपये-आणे-पैचा. १९६४ च्या आधी सोलापुरात नगरपालिका होती, महानगरपालिका नाही. सोलापूरचं विद्यापीठ २००४ चं, त्यामुळं १९९० साली इथल्या कॉलेजातून बीए झालेल्या पात्राच्या पदवीवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं नाव हवं. गड्डा यात्रेत आधी यण्णीमज्जन (तैलाभिषेक), मग अक्षता सोहळा (सिद्धेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न), मग होमप्रदीपन (होम पेटवणं), त्यानंतर शोभेचं दारूकाम. अक्षतांच्या दिवशी आकाशात फटाके फोडले की सोलापूरकर पुस्तक मिटतो.

कागद नीट भरला तर तो चुका टाळण्यापलीकडंही कामाला येतो. १९३० च्या आंदोलनातले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली ती १२ जानेवारी १९३१ रोजी, आणि ती सोलापुरात नाही, येरवड्याच्या तुरुंगात. हे अनेकांना पाठ असतं. पण तारखा एकाखाली एक मांडल्या की दिसतं की ती बातमी गावात आली तेव्हा संक्रांत तोंडावर होती. यात्रेच्या मिरवणुकीतल्या नंदीध्वजाची तयारी चालू असलेल्या एखाद्या घरात त्या दिवशी काय बोलणं झालं असेल? एवढा एक प्रश्न प्रकरणभर पुरतो. लिहिणाऱ्याला सुचतं म्हणतात ते बरेचदा असं, दोन कोरड्या नोंदी शेजारी ठेवल्यावर. ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी मात्र स्वतःची वाक्यं घालू नका. कॅमेरा काल्पनिक घरातच ठेवा.

सगळ्यांना एकच बोली देणं

काही जण सगळ्या पात्रांना प्रमाण मराठी बोलायला लावतात, तर काही जण पानभर ‘काय करालास बे’ चालवतात. पहिल्यात गाव नाहीसं होतं आणि दुसऱ्यात पंधराव्या पानाला वाचक दमतो. पात्रागणिक एक तक्ता करा: घरात कोणती भाषा, गल्लीत कोणती, साहेबासमोर कोणती, रागात कोणती. नरसम्मा घरात तेलुगू, चेकरशी मराठी आणि शेजारच्या खालाशी दखनी मिसळून बोलेल. मग प्रत्येकाला दोन-तीनच ठरावीक लकबी द्या, एखाद्याला वाक्याच्या शेवटचा ‘बे’, एखाद्याला ‘की’. बाकी वाक्य सरळ ठेवा.

घरातल्या तेलुगू किंवा कन्नड वाक्याचं भाषांतर कंसात देऊ नका. उत्तरातून कळू द्या. ‘“अन्नं तिन्नावा?” अम्मानं विचारलं. ललितानं डबा उघडून दाखवला. भाकरी तशीच होती.’ ज्याला तेलुगू येत नाही त्यालाही समजलं.

पहिलं प्रकरण घासत बसणं

हा रोग सगळ्यात जास्त पसरलेला आहे आणि शहाण्या माणसांनाच जास्त होतो. पहिलं प्रकरण अकरा वेळा लिहून झालेलं असतं आणि दुसरं कोरं. खरं तर पहिलं प्रकरण कसं हवं हे शेवट लिहिल्याशिवाय कळत नाही, त्यामुळं ते घासणं हे बहुतेक वेळा वाया जाणारं काम असतं. पहिला खर्डा मागं वळून न बघता काढा. दुरुस्ती सुचली तर समासात लिहा आणि पुढं चला.

आकडे असे धरा. ऐंशी हजार शब्दांची कादंबरी छापल्यावर डेमी आकारात साधारण पावणेतीनशे ते तीनशे पानांची होते. दिवसाला ५००, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे ३२ आठवडे. दिवाळी, लग्नसराई आणि एप्रिल-मेमधल्या चाळीसच्या वरच्या दुपारी धरून दहा महिने. उन्हाळ्यात पहाटे पाच ते सात ही वेळ निवडा. ‘रात्री बघू’ म्हणणाऱ्यांचं रात्री काही होत नाही. रोज थांबताना वाक्य अर्धवट सोडा किंवा पुढच्या प्रसंगाची एक ओळ लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाशी झटापट नाही.

अडलंच तर

नवं लिहायचं थांबवा. लिहून झालेल्या प्रत्येक प्रसंगासाठी एकेक पोस्टकार्डाएवढा कागद घ्या आणि त्यावर तीनच गोष्टी लिहा: कोण काय मागायला आलं, काय मिळालं किंवा हुकलं, जाताना परिस्थिती कशी बदलली. शेवटच्या प्रसंगापासून मागं मागं जा. तिसरी ओळ जिथं कोरी राहते तो प्रसंग दोषी. असे दोन-तीन सलग सापडले तर तुमचं लेखन तिथंच बंद पडलं होतं, नंतरची पानं फक्त वेगाच्या जोरावर सरकली.

मग तीन उपाय आहेत. दोन प्रसंग एक करा. किंवा त्या प्रसंगात पात्राला जे मिळालं ते काढून घ्या, म्हणजे नरसम्माला उसने पैसे मिळालेच नाहीत असं करून बघा. किंवा प्रसंग दुसऱ्याच्या नजरेतून लिहा. हा तिसरा उपाय जपून वापरा, कारण एका प्रसंगात एकच नजर हवी. परिच्छेदाच्या वर नरसम्माच्या मनात आणि खाली चेकरच्या मनात शिरलात की दोघंही पुसट होतात. काढलेली पानं फाडू नका, ‘काढलेलं’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. त्यातला संवाद पुढं कुठंतरी बसतो.

शेवट सापडत नसेल तर लिहायला बसण्याआधी कागदावर उतरवलेलं वाक्य पुन्हा बघा, ते कोणाला काय हवंय वालं. बरेचदा मधेच कादंबरी आईकडून मुलीकडं गेलेली असते आणि लेखक अजून आईचाच शेवट शोधत असतो. गोष्ट आता कोणाची आहे ते ठरवा आणि सुरुवात त्याप्रमाणं बदला.

टाइप करताना

सुरुवातीपासून युनिकोडमध्ये लिहा. जुन्या फाँटमधली फाइल नंतर बदलताना रफार आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’तला अर्धा र हमखास तुटतो, आणि तीनशे पानांत ते शोधणं म्हणजे शिक्षा. दर आठवड्याला फाइलच्या नावात तारीख घालून नवी प्रत करा आणि ती स्वतःलाच मेल करा.

वाचायला देताना

नातेवाइकांना सगळ्यात शेवटी. त्यांच्यातलं कोणी पात्रात उतरलं असेल तर नाव बदलून भागत नाही. व्यवसाय, पेठ आणि भावंडांची संख्या या तिन्हींपैकी निदान दोन बदला. पहिले वाचक तिघं पुरे: एक मागावर किंवा विडीकामात आयुष्य गेलेलं माणूस, एक भरपूर कादंबऱ्या वाचणारा, आणि एक सोलापूर कधीच न पाहिलेला. ‘कशी वाटली?’ विचाराल तर ‘छान’ ऐकाल. त्याऐवजी तिघांना छापील प्रत आणि लाल पेन द्या. जिथं वाचन थांबवून मोबाइल हातात घेतला तिथं समासात फुली मारायला सांगा. दोघांची फुली एकाच पानावर पडली तर त्या पानाला हात लावण्याआधी आधीची वीस पानं वाचा.