इंग्रजी नाटकाचा इतिहास लिहिताना या चुका टाळा

मध्ययुगापासून प्रबोधनकाळापर्यंतच्या इंग्रजी नाटकावर प्रश्न आला की आपल्याकडची बहुतेक उत्तरे एकाच साच्यातून निघतात. आधी चर्चमधील लॅटिन नाट्य, मग मिस्टरी (बायबलकथांची नाटके) आणि मिरॅकल (संतचरित्रांची नाटके), मग मोरॅलिटी (गुण-दुर्गुणांना पात्रे करणारी नीतिनाटके), मग इंटरल्यूड (छोटी करमणूकप्रधान नाटके) आणि शेवटी शेक्सपिअर, असा एक जिना रचला जातो आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीला संपवून वर चढते असे गृहीत धरले जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी ई. के. चेंबर्स यांनी मांडलेल्या उत्क्रांतीच्या कल्पनेतून हा जिना रूढ झाला. 1965 मध्ये ओ. बी. हार्डिसन यांनी त्यावर कठोर टीका केली, तरी गाइडांमधून तो अजून हललेला नाही.

हा जिना तारखांपुढे टिकत नाही. यॉर्क शहरातील बायबलकथांच्या नाट्यमालेचा पहिला उल्लेख 1376 मधला आणि शेवटचा प्रयोग 1569 मधला आहे. चेस्टरचा शेवटचा प्रयोग 1575 मध्ये झाला, कॉव्हेंट्रीचा 1579 मध्ये. जेम्स बर्बेज यांनी लंडनजवळ शोरडिच येथे ‘द थिएटर’ हे नाट्यगृह बांधले ते 1576 मध्ये. म्हणजे व्यावसायिक नाट्यगृह उभे राहिले तेव्हा ‘मध्ययुगीन’ नाटक जिवंत होते, आणि स्ट्रॅटफर्डपासून सुमारे तीस किलोमीटरवर असलेल्या कॉव्हेंट्रीत ते चालू असताना 1564 साली जन्मलेला शेक्सपिअर पौगंडावस्थेत होता. नटांनी आक्रस्ताळेपणात बायबलमधल्या क्रूर हेरॉड राजालाही मागे टाकू नये, असे हॅम्लेट बजावतो तेव्हा तो याच नाटकांतल्या गर्जणाऱ्या राजाकडे बोट दाखवीत असतो. नीतिनाटके मिस्टरीतून ‘उत्क्रांत’ झाली हेही असेच घाईचे विधान आहे, कारण ‘द कॅसल ऑफ पर्सिव्हिअरन्स’ हे नीतिनाटक पंधराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशातले आहे आणि यॉर्कच्या संहितांची उपलब्ध वही त्याच शतकाच्या उत्तरार्धातली. उपाय साधा आहे: प्रत्येक प्रकारापुढे तो सुरू कधी झाला एवढेच न लिहिता तो बंद कधी पडला हेही लिहावे.

याच चुकीच्या पोटात दुसरी चूक दडलेली असते. धार्मिक नाटक लोकांना कंटाळवाणे वाटू लागले आणि आपोआप मागे पडले, असे लिहिले जाते. प्रत्यक्षात ते बंद पाडले गेले. धर्मसुधारणेनंतर कॉर्पस क्रिस्टी हा ख्रिस्तदेहाच्या पूजेचा सण, ज्याच्याशी ही नाटके जोडलेली होती, 1548 मध्ये इंग्लंडमधून रद्द झाला आणि पुढे एलिझाबेथच्या काळात चर्चच्या अधिकाऱ्यांनी या संहितांवर कॅथलिक शिकवणीचा संशय धरला. मनाई असतानाही 1575 चा प्रयोग होऊ दिल्याबद्दल चेस्टरचे महापौर सर जॉन सॅव्हेज यांना राणीच्या सल्लागार मंडळापुढे, म्हणजे प्रिव्ही कौन्सिलपुढे, जाब द्यावा लागला. लोक कंटाळले असते तर नगरपालिकेने एवढा धोका कशाला पत्करला असता?

मध्ययुगीन नाटक म्हणजे ओबडधोबड प्रवचन, हा शेरा मारण्यापूर्वी निदान दोन नाटके वाचावीत. यॉर्कमध्ये क्रुसारोहणाचा प्रवेश खिळे आणि टाचण्या बनविणाऱ्या कारागिरांच्या संघाकडे होता, आणि ही नेमणूक विचारपूर्वक केलेली दिसते. चार शिपाई ख्रिस्ताला जमिनीवर आडव्या ठेवलेल्या क्रुसावर खिळतात, तेव्हा त्यांच्या ध्यानात येते की भोके फार दूर पाडली गेली आहेत आणि हात तिथवर पोहोचत नाहीत. मग ते दोर बांधून हात ताणतात, एकमेकांच्या कामचुकारपणावर कुरकुरतात, क्रूस उचलताना खांदे मोडल्याची तक्रार करतात आणि तो खोबणीत धाडकन सोडून पाचरी ठोकतात. ख्रिस्त अख्ख्या प्रवेशात फक्त दोनदा बोलतो. क्रौर्य इथे राक्षसी चेहऱ्याने येत नाही, नेहमीचे काम उरकणाऱ्या मजुरांच्या बोलण्यातून येते. हे नाट्यकौशल्य कोणत्याही काळात अव्वल ठरेल.

दुसरे नाटक वेकफील्डचे, मेंढपाळांचे. मॅक मेंढी चोरतो, त्याची बायको ती पाळण्यात ठेवून बाळंतपणाचे सोंग करते, आणि बाळाला भेट द्यायला परतलेले मेंढपाळ दुपटे उचलतात तो आत लांब नाकाड. लगोलग देवदूत गातो आणि तेच मेंढपाळ बेथलेहेममधल्या खऱ्या बाळाकडे भेटी घेऊन जातात. पहिल्या भागाला ‘विनोदी विरंगुळा’ म्हणून बाजूला काढणे ही हमखास होणारी चूक आहे, कारण तो पाळणा दुसऱ्या पाळण्याचीच उलटी प्रतिमा आहे.

‘पहिले’ हा शब्द वापरताना विशेष जपावे. थॉमस नॉर्टन आणि थॉमस सॅकव्हिल यांचे ‘गॉरबोडक’ जानेवारी 1562 मध्ये राणीपुढे सादर झाले. ती निर्यमक पद्यातील (ब्लँक व्हर्समधील) पहिली इंग्रजी शोकांतिका होय, पण निर्यमक पद्य इंग्रजीत आणले ते अर्ल ऑफ सरे यांनी, व्हर्जिलच्या अनुवादात. रोमन शोकांतिकाकार सेनेकाचा प्रभाव म्हणजे रंगमंचावर रक्तपात, हे समीकरणही तपासून घ्यावे. ‘गॉरबोडक’मधले खून पडद्याआड होतात आणि निवेदनातून कळतात, प्रेक्षकांसमोर जीभ चावून तोडणारा हिएरोनिमो थॉमस किडच्या ‘द स्पॅनिश ट्रॅजेडी’त पुढे येतो. ओघातच सांगायचे तर ‘युनिव्हर्सिटी विट्स’च्या, म्हणजे विद्यापीठात शिकलेल्या मार्लोसारख्या नाटककारांच्या, यादीत किडचे नाव सर्रास घातले जाते, पण तो कोणत्याही विद्यापीठात शिकल्याचा पुरावा नाही.

मार्लोचा ‘डॉक्टर फॉस्टस’ निव्वळ प्रबोधनाचा नायक ठरवला की नाटकाचा अर्धा भाग समजेनासा होतो. ज्ञानाची हाव नवी आहे हे खरे, परंतु सज्जन आणि दुर्जन देवदूतांची ओढाताण, सात महापापांची मिरवणूक आणि शेवटी नायकाला ओढून नेणारे सैतान हा सगळा संसार नीतिनाटकातला आहे. फरक शेवटाचा आहे. ‘एव्हरीमन’ या नीतिनाटकाच्या नायकाला सत्कृत्याची सोबत आणि तारण मिळते, फॉस्टसला मिळत नाही.

नाट्यगृहांबाबत ‘ग्लोब’पासून सुरुवात करू नये. तो 1599 मधला आहे, आणि त्यासाठी ‘द थिएटर’चेच लाकूड उतरवून थेम्सपलीकडे नेले होते. बालगंधर्वांची परंपरा ठाऊक असल्यामुळे आपल्याकडे एक वेगळीच चूक होते: एलिझाबेथकालीन स्त्रीभूमिका प्रौढ पुरुष करीत, असे चित्र मनात उभे राहते. ही कामे सामान्यतः मंडळीतल्या शिकाऊ मुलांकडे असत. लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रिया आल्या त्या 1660 नंतर.

सरसकट सगळ्यांना ‘एलिझाबेथन’ म्हणणेही टाळावे, कारण राणी 1603 मध्ये वारली आणि ‘किंग लिअर’, ‘मॅकबेथ’ तसेच वेब्स्टरच्या शोकांतिका पहिल्या जेम्सच्या राजवटीतल्या आहेत. 1642 मध्ये नाट्यगृहे बंद झाली त्याचे श्रेय एकट्या प्युरिटन द्वेषाला देतानाही पार्लमेंटचा 2 सप्टेंबरचा आदेश पाहावा: त्यात देशावर ओढवलेल्या यादवीचा आणि अशा काळी उपवास-प्रार्थनेऐवजी करमणूक शोभत नसल्याचा हवाला आहे, आणि दुःखाचा हा काळ चालू असेपर्यंत प्रयोग थांबवावेत असे म्हटले आहे. नाटक कायमचे नष्ट करणारी कडक भाषा पुढे 1648 च्या कायद्यात आली.