आपल्या टाउनच्या १७७५ च्या मिलिशियाची आठवण नावानिशी कशी ठेवायची

बॉस्टनच्या आसपास ॲक्टन, लेक्सिंग्टन, वेस्टफर्ड, बर्लिंग्टन इकडे आता आपली मराठी घरं भरपूर झालीत, आणि एप्रिलात पेट्रियट्स डेची सुट्टी (१९ एप्रिल १७७५ ला इंग्रजांविरुद्ध अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची पहिली लढाई झाली, तिच्या आठवणीची) आली की लोक एकतर मॅरेथॉन बघतात नाहीतर मुलांना घेऊन लेक्सिंग्टन ग्रीनवर, म्हणजे गावच्या मैदानावर, पहाटे वेशभूषा करून केलेली नकली लढाई बघून येतात. ती बघाच, साडेपाचच्या सुमाराला सुरू होते, पण मागे उभं राहिलं तर पोरांना काहीच दिसत नाही म्हणून अंधारातच पोचा. माझं म्हणणं एवढंच की ज्या टाउनमध्ये आपण राहतो, टॅक्स भरतो, मुलं शाळेत घालतो, तिथून त्या दिवशी कोण गेलं होतं त्यांची नावं तरी आपल्याला माहीत हवीत.

म्हणून सुरुवात नावांपासून. १९ एप्रिल १७७५ ला जे लढले ते पगारी फौजेतले नव्हते, शेतकरी आणि कारागीर होते. १६ ते ६० वयाच्या बहुतेक पुरुषांना मिलिशियात, म्हणजे गावच्या नागरी सैन्यात, जावंच लागायचं, आणि त्यातले निवडक, हाक आली की लगेच निघणारे, ते मिनिटमेन. बोर्ड किंवा पत्रक बनवताना हे नीट बघा, कारण लेक्सिंग्टनला कॅप्टन जॉन पार्करबरोबर उभे असलेले ७७ च्या आसपास लोक साध्या मिलिशियाचेच होते, तरी सगळीकडे त्यांना मिनिटमेन लिहितात. नावांसाठी मॅसॅच्युसेट्स राज्याने १८९६ ते १९०८ मध्ये सैनिकांच्या नोंदींचे १७ खंड छापलेत, ते ऑनलाइन फुकट वाचता येतात, त्यात 'लेक्सिंग्टन अलार्म' (त्या दिवशीच्या हाकेला निघालेल्यांची नोंद) आणि तुमच्या टाउनचं नाव असं शोधा. एकाच माणसाचं स्पेलिंग तीन तऱ्हेने सापडतं, तेव्हा टाउन लायब्ररीतल्या लोकल हिस्टरीवाल्यांना विचारा, ते मनापासून मदत करतात. आणि यादीत नुसतं पहिलं नाव असलेला कोणी दिसला तर तो गुलाम असू शकतो, त्याला अजिबात गाळू नका. प्रिन्स एस्टाब्रुक हा गुलाम माणूस पार्करच्या तुकडीत होता, ग्रीनवर जखमी झाला, आणि त्याच्या नावाचा दगड बकमन टॅव्हर्नसमोर बसला तो थेट २००८ मध्ये.

मग एक माणूस निवडा आणि त्याची गोष्ट नीट समजून घ्या. आमच्याकडे ॲक्टनचा आयझॅक डेव्हिस आहे, ३० वर्षांचा, बंदुका बनवणारा. घरात चारही पोरं आजारी होती आणि निघताना तो बायकोला, हॅनाला, एवढंच म्हणाला की मुलांना नीट सांभाळ, हे तिनेच म्हातारपणी सांगितलंय. त्याच्या तुकडीकडे बंदुकीच्या टोकाला लावायच्या संगिनी होत्या, म्हणून कॉन्कॉर्डच्या नॉर्थ ब्रिजवर ॲक्टनवाले पुढे झाले आणि तिथे डेव्हिस आणि ॲबनर हॉस्मर पडले. तिसरा जेम्स हेवर्ड त्याच दिवशी लेक्सिंग्टनमध्ये गोळी लागून गेला, त्याचं बंदुकीची दारू ठेवायचं शिंग, गोळीचं भोक असलेलं, ॲक्टनच्या लायब्ररीत आहे. तिघांचे अवशेष टाउन कॉमनवरच्या (गावच्या सामाईक मैदानावरच्या) १८५१ च्या उंच स्मारकाखाली ठेवलेत. डेव्हिसच्या घरापासून ब्रिजपर्यंत लोक दरवर्षी पहाटे चालत जातात, साधारण ७ मैल, कोणीही सामील होऊ शकतं. बूट चिखलाचे घाला, कानटोपी घ्या, एप्रिलची पहाट तिथे भयंकर गार असते.

गर्दी नको असेल तर आर्लिंग्टनला जेसन रसेलच्या घराकडे जा. तेव्हा त्या भागाला मेनोटमी म्हणायचे आणि त्या दिवशी सगळ्यात जास्त माणसं तिथेच मेली. रसेल ५८ वर्षांचा, पायाने अधू, स्वतःच्या दारात मारला गेला, आणि त्याला आणि तिथे पडलेल्या इतरांना एकाच खड्ड्यात पुरलं.

आता कबरी, आणि इथे खरंच जपायला हवं. आधी टाउनच्या सिमेट्री डिपार्टमेंटला ईमेल करा, परवानगीशिवाय दगडाला हात लावू नका. जुने दगड बहुतेक स्लेटचे, त्यांचे पापुद्रे निघतात, म्हणून ब्लीच नाही, तारेचा ब्रश नाही, अक्षरं दिसावीत म्हणून खडू किंवा शेव्हिंग क्रीम तर मुळीच नाही, कागद ठेवून पेन्सिलने ठसा घेणंही बऱ्याच ठिकाणी बंद आहे. अक्षरं वाचायची तर बाजूने आरसा धरून उजेड तिरका पाडा, फोटो मस्त येतो. आपला हात सवयीने हळदीकुंकवाकडे, उदबत्तीकडे, तेलाच्या दिव्याकडे जातो, भावना चांगलीच आहे पण हळद आणि तेल दगडात मुरतं आणि डाग जात नाही. साधी फुलं दगडाच्या पायाशी जमिनीवर ठेवा, प्लास्टिक काढून. झेंडा लावणार असाल तर १३ ताऱ्यांचा नको, तो १७७७ चा, ही माणसं त्याच्या आधीची.

कार्यक्रम अर्ध्या तासाचा पुरे. यादी मुलांमध्ये वाटून द्या, प्रत्येकाने एक नाव, वय आणि माहीत असेल तर धंदा मोठ्याने वाचायचा, आणि मेलेल्यांच्या नावानंतर जरा थांबायचं. मराठी मुलांना एक धागा जरूर द्या: त्याच १७७५ च्या मार्चमध्ये राघोबादादांनी ईस्ट इंडिया कंपनीशी सुरतेचा तह केला आणि तिकडे पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं, म्हणजे एकाच साली इंग्रज दोन्हीकडे लढाईत उतरले होते. माझ्या अनुभवाने हे सांगितलं की पोरं एकदम कान टवकारतात. नॉर्थ ब्रिजला गेलात तर तिथे पडलेल्या ब्रिटिश शिपायांची कबर पण आहे, एक फूल तिथेही ठेवा, तीही कोणाची तरी पोरंच होती.

आणि घरी आल्यावर तुमची यादी, कबरींचे फोटो, कुठली कबर कुठल्या रांगेत ते सगळं एका फाइलमध्ये घालून लायब्ररीला देऊन टाका, दगडांवरची अक्षरं दर हिवाळ्यात थोडी थोडी झिजतात आणि पुढच्या वर्षी जो कोणी शोधायला येईल त्याला ती फाइल लागणार आहे.