पावसाळ्यात द्राक्षबाग ‘रिकामी’ समजू नका: ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी, कागवाड, तेलसंगच्या पट्ट्यात ऑगस्ट लागला की बांधाबांधावर एकच बोलणं ऐकू येतं: “आता बागेत आहे काय? घड आल्यावर बघू औषधाचं.” त्यातून माल बेदाण्याला जाणार असेल तर विचारायलाच नको, पानावरच्या डागाकडे कोणी ढुंकून बघत नाही. दरवर्षी हेच ऐकून आता खरंच कंटाळा आलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (माल काढल्यावरची पहिली, काड्या आखूड करणारी छाटणी) साधारण 40 ते 60 दिवसांत काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घड तयार होतो. तिथून ऑक्टोबरच्या फळछाटणीपर्यंत (घडासाठीची छाटणी) पान अन्न तयार करतं आणि ते काडी, ओलांडा (वेलीचा आडवा हात), खोड, मुळ्या यांत साठवलं जातं. ऑक्टोबरला छाटणी झाल्यावर नवी फूट सुरुवातीला या साठ्यावरच जगते. ऑगस्टमध्ये पानं गळाली की शेंड्याकडचे डोळे फुटतात आणि साठा तिथेच संपतो. मग छाटणीनंतर फूट मागेपुढे होते, घड जिरतात, घडाच्या जागी बाळी (नुसता तणावा) येते. त्या वेळी टॉनिकची बाटली घेऊन फिरण्यात काही अर्थ नसतो.

डाग न ओळखता औषध मारणे

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. तेलसंगच्या बाजूला आमच्या पाहुण्यांची बाग आहे. एका ऑगस्टमध्ये आठवडाभर झिमझिम पाऊस होता. पोराला पानावर पिवळट डाग दिसले. त्याने मोबाईलवर वरच्या बाजूचा फोटो काढला आणि औषधाच्या दुकानात नेऊन दाखवला. दुकानदाराने भुरी या बुरशीच्या रोगाचं औषध दिलं, बरोबर एक कीटकनाशक आणि एक टॉनिक. पोराने तिन्ही एकाच टाकीत ओतून ब्लोअर फिरवला. डाग वाढतच गेले, तर पुन्हा तेच औषध मारलं.

मी गेलो तेव्हा आधी एक पान उलटं केलं. डागाच्या बरोबर खाली पांढरी बुरशी आली होती. सरळसरळ दावण्या, म्हणजे डाउनी मिल्ड्यू. दावण्याचा जीव भुरीच्या बुरशीपेक्षा मुळातच वेगळ्या गटातला, त्यामुळे हेक्झाकोनॅझोल किंवा गंधक ही भुरीची औषधं कितीही मारली तरी त्याला काही होत नाही. तोवर निम्मी पानं गेली होती, उरलेल्यांवर तांबेरा हा दुसरा बुरशीचा रोग चढला. सप्टेंबरात शेंडे फुटले आणि छाटणीनंतर ओळीच्या ओळी बाळ्यांनी भरल्या. ते वर्ष गेलंच.

ओळखायला काही लागत नाही. दावण्याचा डाग वरून तेल सांडल्यासारखा दिसतो आणि खालून पांढरा. भुरी म्हणजे राख उधळल्यासारखी पूड, हाताला लागते, पुसता येते. तांबेऱ्याची नारिंगी पूड जुन्या पानांच्या खालच्या बाजूला असते. करप्याचे तपकिरी-काळे ठिपके कोवळ्या पानाला भोकं पाडतात आणि कोवळ्या काडीवर खोलगट जखमा करतात. शंका असेल तर संध्याकाळी डागाळलेली चार पानं तोडा, ओल्या कागदात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. सकाळी डागाखाली पांढरी लव दिसली की दावण्या समजायचा. दुकानात जायचं तर फोटो नको, पान घेऊन जा आणि ते उलटं करून दाखवा.

आणखी एक. दावण्या पानाच्या खालच्या बाजूने आत शिरतो, कारण पानाची छिद्रं तिकडेच असतात. मंडपाच्या वरून औषध ओघळेपर्यंत मारलं तरी खालची बाजू कोरडीच राहते. आमच्याकडे फवारणीचे गडी बहुतेक कानडी बोलणारे. मी टाकी सुरू व्हायच्या आधीच “केळगिंद होडी” (खालून मार) म्हणून सांगतो आणि पहिल्या ओळीच्या शेवटी जाऊन पानं उलटून बघतो. ओली नसतील तर नोझल बदलूनच पुढची ओळ.

बोर्डोचा शॉर्टकट

बोर्डो म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचं मिश्रण. 1880 च्या दशकात फ्रान्समध्ये दावण्यावरच ते वापरात आलं आणि आजही पावसाळ्यात पक्व पानांसाठी माझा भरवसा त्यावरच आहे. पण ते नीट केलं तर. एक टक्क्यासाठी 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी. मोरचूद 50 लिटर पाण्यात वेगळा विरघळवायचा, चुना उरलेल्या 50 लिटरमध्ये वेगळा विरवून गाळून घ्यायचा. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत ढवळत राहायचं. भांडी प्लास्टिकचीच, लोखंडी बॅरल अजिबात नको.

घाईची मंडळी काय करतात? बांधकामावरून उरलेली, तोंड उघडं राहिलेली चुन्याची गोणी आणतात. तो चुना हवेने मेलेला असतो, मोरचुदाची आम्लता तो मारत नाही. मग पानांच्या कडा करपतात आणि दोष बोर्डोला. मी ढीग फोडून कडक, पांढरे खडे निवडून घेतो. पाण्यात टाकल्यावर जो उकळून फुटत नाही तो चुना बाजूला काढतो. मिश्रण झालं की घासून चकचकीत केलेला विळा त्यात मिनिटभर बुडवायचा. पात्यावर तांबूस थर आला की चुना कमी पडला. अजून चुन्याची निवळी घाला, पुन्हा तपासा. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही, आणि त्यात दुसरं कुठलंही औषध मिसळायचं नाही. कोवळ्या फुटीवर एक टक्का मारू नका. एवढं करायला सकाळचा तासभर जातो. तेवढाही वेळ नसेल तर बाग लावायच्या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीच्या चुका, थोडक्यात

ऑगस्टमध्ये युरिया देऊ नका. लुसलुशीत फूट येते, तीवर दावण्या आणि तुडतुडे दोन्ही आधी बसतात. या दिवसांत काडी पिकायला पालाश (पोटॅश) हवं.

बगलफुटी आणि शेंडे वेळेवर काढा. मंडप दाट राहिला की पान वाळत नाही.

गळलेली पानं ओळीतच लोटून ठेवू नका, दावण्याचं बी त्यातच टिकतं. गोळा करून बागेबाहेर न्या, पुरा.

एकाच गटाचं आंतरप्रवाही (पानात शिरून आतून काम करणारं) औषध पुन्हा पुन्हा मारू नका, काही दिवसांनी ते लागू पडायचं बंद होतं.

खोडाची सुटी साल काढा. पिठ्या ढेकूण आणि उडद्या या किडी तिच्याखालीच लपतात, खोडकिड्याची अंडीही तिथेच सापडतात. खोडाशी ताजा भुसा दिसला तर भोक शोधून त्याच दिवशी बंदोबस्त करा. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की वर पिठ्या आहे का बघा.

पानं आधीच गेली असतील तर शेजाऱ्याने छाटणी धरली म्हणून तुम्ही धरू नका. आधी काड्या प्रयोगशाळेत देऊन डोळे तपासून घ्या. पण नमुना देताना चांगल्या जाड काड्या निवडून नेऊ नका. पानगळ झालेल्या ओळींच्या काड्या वेगळ्या बांधा, निरोगी ओळींच्या वेगळ्या, आणि दोन्ही जुड्यांवर चिठ्ठी लावा. घड कितव्या डोळ्यावर आहे ते कळल्यावरच कात्री कुठे चालवायची ते ठरवा. दोन्हीकडे घड वेगवेगळ्या डोळ्यावर निघाला तर छाटणीही वेगवेगळीच घ्या, मजुरीचा एक दिवस वाढला तरी चालेल.