मशीन नसताना मोठ्या व्हिनाइल प्रिंटवर हाताने लॅमिनेशन कसं करायचं

गणपतीच्या मखरामागचा बॅकड्रॉप, दुकानाची पाटी, वडापावच्या गाडीवरचं मेनू बोर्ड, टेम्पोच्या बाजूला लावायचं स्टिकर, असली कामं मुंबईत कोणी ना कोणी रोज करून घेत असतं. प्रिंट करून देणारे गल्लोगल्ली आहेत, पण लॅमिनेशन म्हटलं की दुकानदार म्हणतो मशीनवर गर्दी आहे, उद्या या, परवा या. किंवा तुमचा एकच पीस असतो आणि त्यासाठी अख्खी मशीन चालू करायला तो तयार नसतो. मग घरी करता येतं का? येतं. पण कुठवर ते आधी ऐका. 3 बाय 4 फुटांपर्यंत एकटा माणूस सांभाळतो, 4 बाय 6 ला दोघं लागतातच, आणि त्याच्या वर गेलात तर माझं मत विचाराल तर सरळ मशीनवर द्या, हाताने करून वाचलेले पैसे वाया गेलेल्या फिल्ममध्ये जातात.

आधी एक क्लिअर करून घेऊ. हे सगळं व्हिनाइलबद्दल आहे, फ्लेक्सबद्दल नाही. चौकात वाढदिवसाच्या शुभेच्छांचे जे बॅनर लागतात ते फ्लेक्स, त्याला कोणी लॅमिनेशन करत नाही. व्हिनाइल म्हणजे मागे गोंद असलेलं, सनबोर्डवर (फोमची हलकी, कडक शीट) किंवा काचेवर चिकटवायचं ते. आणि फिल्म घ्यायची ती कोल्ड लॅमिनेशनची, जी दाबाने चिकटते. ओळखपत्राला करतात ते गरम लॅमिनेशन इथे चालत नाही, व्हिनाइल त्या उष्णतेने आक्रसतं.

प्रिंट सुकली का?

लोक इथेच घाई करतात. बाहेर लावायच्या प्रिंट बहुतेक सॉल्व्हंट किंवा इको-सॉल्व्हंट शाईच्या असतात. हात लावला की सुकलेली वाटते, पण आतलं सॉल्व्हंट, म्हणजे शाई पातळ ठेवणारं रसायन, हळूहळू उडत असतं, किमान 24 तास, गडद रंग भरपूर असतील तर 48 तास धरा. त्याच्या आधी वरून फिल्म लावली की ते सॉल्व्हंट आत कोंडतं, मग गोंद मऊ पडतो, कडा वळतात, आणि दोनतीन आठवड्यांनी बोर्डचे कोपरे सुटायला लागतात आणि सगळे म्हणतात फिल्म बोगस होती. फिल्मचा काही दोष नसतो.

घट्ट गुंडाळून ठेवलेली प्रिंट सुकत नाही हेही लक्षात ठेवा. पंखा नसेना का, पण हवा खेळती हवी, त्यामुळे सपाट पसरा किंवा सैल गुंडाळी करून उभी ठेवा. पावसाळ्यात खिडक्या बंद असतात तेव्हा एक दिवस जास्तच द्या. दुकानदाराला सांगितलंत तर तो रात्रभर लटकवून ठेवतो, विचारायला काय जातं. वास घेऊन बघा, शाईचा उग्र वास अजून येत असेल तर थांबा. लेटेक्स प्रिंट असेल तर एवढं थांबावं लागत नाही, ती मशीनमधून सुकूनच बाहेर येते. यूव्ही शाई पण लगेच सुकलेली असते, पण तिचा पृष्ठभाग किंचित खरखरीत राहतो, तिथे फिल्म नीट बसवायला जोर जास्त लागतो.

ऑर्डर देतानाच अजून एक सांगायचं, चारही बाजूंना एकेक इंच कोरी पांढरी जागा सोड आणि कापू नकोस. हा एक इंच पुढे जीव वाचवतो, का ते खाली येईलच.

प्रिंट घेऊन लोकलने यायचं असेल तर छापलेली बाजू बाहेर ठेवून जाड पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा, आणि गर्दीच्या वेळी लगेजच्या डब्यात चढा. एक मोड पडली की ती लॅमिनेशनखाली जाऊन बसते आणि कायमची दिसते.

सामान

फिल्म ग्लॉसी की मॅट, हा पहिला प्रश्न. ग्लॉसीत रंग उठून दिसतात पण ट्यूबलाइटची चकाकीही दिसते आणि हाताने केलेल्या कामातले बारीकसारीक दोषही दिसतात. पहिल्यांदा करत असाल तर मॅट घ्या, मॅट बरंच झाकून घेते. जमिनीवर लावायचं असेल तर या दोन्ही नकोत, खडबडीत अँटी-स्लिप फिल्म वेगळी मिळते, नाहीतर कोणीतरी घसरेल.

बाकी मग स्क्विजी, म्हणजे प्लास्टिकची पट्टी, आणि तिच्या कडेला फेल्ट लावलेलं हवं, नुसतं प्लास्टिक फिरवलं तर ग्लॉसीवर ओरखडे येतात. फेल्ट नसेल तर मऊ सुती कपडा ताणून गुंडाळा, चालतं. नवीन ब्लेडचा कटर, स्टीलची लांब पट्टी, मास्किंग टेप, मायक्रोफायबरचा कपडा, बारीक सुई. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटला स्टेशनरीवाल्यांकडे चक्कर मारलीत तर यातलं बरंचसं मिळेल. फिल्म मात्र साइनेजचं सामान विकणाऱ्याकडे किंवा ज्याने प्रिंट दिली त्याच्याकडेच मागा, तो रोलमधून कापून देतो. स्वस्त व्हिनाइलवर महाग फिल्म किंवा उलट असं करू नका, दोन्ही सारख्या जातीचं घ्या, कारण उन्हात दोन्ही वेगवेगळी आक्रसली की कडा वर येतात.

जागा

मुंबईच्या घरात हाच मोठा प्रॉब्लेम. लादीवर पसरून करायचा मोह होतो पण लाद्यांच्या सांध्यांचे खड्डे स्क्विजीखाली जाणवतात आणि तिथे दाब कमी पडतो. डायनिंग टेबलवर काच असेल तर उत्तम, नाहीतर एक गुळगुळीत प्लाय किंवा सनबोर्डची अखंड शीट खाली टाका. मोठ्या पीससाठी सोसायटीचा हॉल किंवा मंडळाचं कार्यालय सकाळी रिकामं असतं ते मागून घ्या.

पंखा बंद. हे महत्त्वाचं आहे, घाम आला तरी बंद, कारण पात्यावरची सगळी धूळ खाली येते आणि एक कण फिल्मखाली गेला की तिथे वाटाण्याएवढा बबल दिसतो. लादी आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या म्हणजे धूळ उडत नाही, आणि अंगात लोकरीचं किंवा केसाळ काही घालू नका. मे महिन्यात दुपारी करू नका, उकाड्यात गोंद टच होताच पकडतो आणि फिल्म मऊ होऊन ताणली जाते. सकाळी लवकर करा किंवा एसी असेल तर लावा.

आता प्रत्यक्ष काम

प्रिंट वर तोंड करून पसरा, मागचा कागद काढायचा नाही, तो तसाच राहू दे. चारही कोपरे मास्किंग टेपने पक्के करा. मायक्रोफायबरने एकाच दिशेने पुसा, आणि डोळे पृष्ठभागाच्या लेव्हलला आणून उजेडाकडे तिरकं बघा, वरून न दिसणारी धूळ तशी दिसते.

फिल्म अशी कापा की ती चित्रापेक्षा सगळीकडे अर्धा इंच मोठी पण व्हिनाइलपेक्षा थोडी लहान असेल, म्हणजे तिची कड त्या कोऱ्या पांढऱ्या पट्ट्यात संपते आणि टेबलाला काही चिकटत नाही. त्यासाठीच तो एक इंच सोडायला सांगितला होता.

कागदासकट फिल्म प्रिंटवर ठेवून सरळ जुळवा. मग फिल्मच्या एका टोकाचा मागचा कागद फक्त 2-3 इंच सोलून खाली दुमडा, दुमड नखाने पक्की करा, आणि ती उघडी पट्टी कोऱ्या जागेवर मधोमध टेकवून मग दोन्ही कडांकडे दाबत जा. इथे घाई केलीत तर संपलंच. ही पहिली पट्टी दोन मिलिमीटरने जरी तिरकी बसली तरी सहा फुटांवर गेल्यावर फिल्म प्रिंटबाहेर पळते आणि तुम्ही ती ओढून सरळ करायला जाता आणि चुण्या पडतात. तिरकी वाटली तर आत्ताच, कोऱ्या जागेवर असतानाच उचला. चित्रावर चिकटल्यावर उचललीत तर शाईसुद्धा सोबत येऊ शकते.

काचेवर मोठं स्टिकर लावताना मधोमध टेप लावून अर्धं-अर्धं करायची पद्धत असते, ती इथे वापरू नका. पारदर्शक फिल्म मध्येच थांबली की थांबल्या जागेची रेघ दिसते, काळ्या किंवा निळ्या भागात तर जास्तच. एका टोकाकडून सुरू करून दुसऱ्या टोकाला न थांबता जायचं, फोन वाजला तरी.

दोघं असाल तर एकाने फिल्मचं मोकळं टोक धरायचं, हलकंच वर, पण ताणायचं नाही. ताणलेली फिल्म नंतर परत आक्रसते आणि प्रिंट वाळलेल्या पानासारखी वळते. दुसऱ्याने एका हाताने खालचा कागद 4 ते 6 इंच मागे ओढायचा आणि दुसऱ्या हाताने स्क्विजी, साधारण 45 अंशात तिरकी धरून, मधून डावीकडे, मधून उजवीकडे, प्रत्येक फटका आधीच्या फटक्यावर अर्धा चढलेला. कागद जास्त सोलला की फिल्म स्वतःहून खाली पडते, आत हवा अडकवते. कागद झटक्यात ओढू नका, स्टॅटिक, म्हणजे घर्षणाची वीज, तयार होऊन आजूबाजूची धूळ खेचली जाते. आणि दाब चांगला द्या, हा गोंद दाबानेच पकडतो, हलक्या हाताने फिरवून काही होत नाही. खांदा दुखला पाहिजे दुसऱ्या दिवशी.

साबणाच्या पाण्याचा फवारा मारून करा असं बरेच जण सांगतात. व्हिनाइल काचेवर लावताना ते ठीक आहे, पण प्रिंट आणि फिल्मच्या मध्ये पाणी राहिलं तर दोन्हीकडे प्लास्टिक, ते बाहेर निघायला वाट नाही आणि दुधाळ डाग राहतात. शाई पाण्याची असेल तर ती पसरूही शकते. मी कोरडंच करा म्हणेन.

बबल आणि चंदेरी झाक

मोठा बबल दिसला तर त्याला कडेपर्यंत ढकलत बसू नका, तिरकी सुई टोचा, बोटाने हवा बाहेर काढत भोकाकडे दाबा. धुळीचा कण असेल तर तसाच सोडा, फिल्म उचलून काढायला गेलात तर नुकसान मोठं. चुणी पडली असेल तर ती जात नाही, खोटं कशाला सांगू, ती चित्राच्या कोपऱ्यात असेल तर जगा तिच्यासोबत.

गडद भागात चंदेरी, धुरकट झाक दिसते ती म्हणजे अगदी सूक्ष्म हवा. हेअर ड्रायर लांबून, हलका गरम फिरवायचा आणि परत फेल्टने जोरात दाबायचं, बरीचशी जाते. एक दिवस ठेवल्यावर अजून थोडी कमी होते. पण मागून लाइट लागणारा बोर्ड असेल तर ही झाक डोळ्यात भरते, म्हणून बॅकलिटचं काम हाताने करूच नका.

कापणं आणि चिकटवणं

लगेच कापू नका. 24 तास सपाट ठेवा, तोवर गोंद पूर्ण पकडतो. मग स्टीलची पट्टी लावून फिल्म आणि व्हिनाइल एकत्रच, एका फटक्यात कापा, नवीन ब्लेडने. जुनं ब्लेड कड उचलतं आणि पहिल्या पावसात पाणी तिथूनच शिरतं. बाहेर लावायचं असेल तर कोपरे टोकदार ठेवू नका, एखादं नाणं ठेवून गोल कापा, गोल कोपरा लवकर सुटत नाही. न्यायचं असेल तर परत छापलेली बाजू बाहेर ठेवूनच सैल गुंडाळा, आतल्या बाजूला गुंडाळलं की फिल्म दबून बोगद्यासारखी वर उठते.

उरलेली फिल्म उभी टेकवून ठेवू नका, खालची कड चेपते आणि धूळ खाते. प्लास्टिकमध्ये गुंडाळून आडवी, माळ्यावर, वर काही वजन न ठेवता. छोटे तुकडे दुकानातल्या रेट कार्डांना पुरतात.