लिलावातला जनरेटर सुरू करता येत नसेल तेव्हा
लिलावातील जनरेटर ‘जसा आहे, जिथे आहे’ या अटीवर विकला जातो आणि पाहणीच्या दिवशी तो सुरू करून पाहण्याची मुभा बहुधा नसते. अशा वेळी आधी डिपस्टिक, म्हणजे इंजिनातले तेल पाहण्याची पट्टी, काढावी. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी उतरले आहे असे धरून बोली खाली आणावी. मग परवानगी घेऊन, क्रँकशाफ्टच्या (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुढच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवावे, कारण फोर-स्ट्रोक इंजिनाचे (पिस्टनच्या चार हालचालींचे) एक चक्र दोन फेऱ्यांत पुरे होते. फिरवताना कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या गेलेल्या हवेचा, जोर जाणवला तरी तो हळूहळू सुटतो. पण लोखंडावर लोखंड आदळल्यासारखे एकदम अडले, तर ते इंजिन सोडून द्यावे. इंजिन किती तास चालले ते दाखवणाऱ्या अवरमीटरवर मी विसंबत नाही, तो सहज बदलता येतो. पाना लावण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह केबल मात्र न विसरता काढावी.