नवऱ्याचं आयरिश मूळ गाव फोंड्यात बसून शोधायचं कसं

आमच्याकडे गोव्यात, फोंड्यात नवीन माणूस आला की नावानंतरचा प्रश्न ठरलेला, मूळ कुठले तुम्ही. माझा नवरा मेलबर्नचा. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला आत्येने त्याला हेच विचारलं, तो म्हणाला आयर्लंड. आयर्लंडात कुठे? माहीत नाही. सासूबाईंना फोन केला तर त्यांनाही काउंटी क्लेअरच्या पुढे काही सांगता येईना. आत्ये म्हणाली, अगो मग देवाला सांगायचं तरी काय, कुठल्या घरचा म्हणून? ते माझ्या डोक्यातून गेलंच नाही, आणि दीड वर्ष रात्री जेवणं आवरली की मी लॅपटॉप घेऊन बसायचे. कुणाला हेच करायचं असेल तर जे कळलं ते लिहिते.

सगळ्यात आधी, आयरिश वेबसाइटवर नुसतं आडनाव टाकून सुरुवात करू नका. एकाच नावाचे इतके पॅट्रिक आणि मायकल निघतात की आपला कुठला ते देवच जाणे. मी घाईने एका माणसाला पैसे देऊन वंशावळ करून घेतली होती, दिसायला सुंदर, पण ती निघाली त्याच नावाच्या भलत्याच घराण्याची. माणूस जिथे गेला तिथून मागे यायचं. आमचे खापरपणजोबा ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात वारले, आणि तिथला 1853 नंतरचा मृत्यूचा दाखला म्हणजे खजिना आहे, आईबापाची नावं, आईचं माहेरचं आडनाव, जन्म कुठला, वसाहतीत किती वर्षं, मुलं किती, सगळं असतं. तो पैसे भरून घरबसल्या मिळतो. आमच्या दाखल्यावर जन्मस्थान नुसतं क्लेअर. मग त्यांच्या बहिणीचा मागवला, तिची माहिती तिच्या मुलीने दिली होती आणि तिने पॅरिशचं, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या भागाचं, नावही घातलं होतं. म्हणून सांगते, भावंडांचे दाखले पण काढा, कंजूसी करू नका. आणि ट्रोव्ह बघा, ऑस्ट्रेलियातली जुनी वर्तमानपत्रं तिथे फुकट वाचता येतात, निधनवार्तेत बऱ्याचदा गाव दिलेलं असतं.

आता गाव म्हणजे काय तेही समजून घ्या. आपल्याकडे तालुका, गाव आणि वाडो, तसं तिकडे काउंटी, पॅरिश आणि टाउनलँड. हे टाउनलँड साठ हजारांच्या वर आहेत आणि आपल्याला हवं असतं ते तेच. स्पेलिंगवर अडून राहू नका, मूळ नावं आयरिश भाषेतली, इंग्रज कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलेलं. किल म्हणजे चर्च, नॉक म्हणजे टेकडी, त्यामुळे एकच नाव चार काउंट्यांत सापडतं. लॉगेनिम नावाची साइट आहे तिच्यावर ताडून बघायचं. आडनावाच्या सुरुवातीचा ओ पण कधी असतो कधी गळतो, दोन्ही टाकून शोधा. ब्रिजेट हीच कुठे डेलिया तर कुठे बिडी म्हणून लिहिलेली असते.

पॅरिश कळलं की आयरिश जिनिऑलॉजी डॉट आय ई. सरकारी साइट, फुकट, मूळ पानांचे फोटो दिसतात. जन्म, मृत्यू आणि सगळ्या धर्मांची लग्नं 1864 पासून, कॅथलिक नसलेल्यांची लग्नं 1845 पासून. शोधताना लक्षात ठेवा की तिथे पॅरिश नसतं, रजिस्ट्रेशन डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी नोंदणीचा विभाग असतो, आणि तो कधीकधी दोन काउंट्यांत पसरलेला असतो.

त्याच्या मागचं हवं तर चर्चची पुस्तकं. 1922 मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं रेकॉर्ड ऑफिस जळालं आणि 1821 ते 1851 च्या जनगणना जवळजवळ सगळ्या गेल्या, म्हणून लोक म्हणतात आयर्लंडचं काही मिळत नाही. तसं नाही. आपल्याकडे सासष्टीतली देवळं पोर्तुगीजांनी पाडली पण देव नदीपलीकडे फोंड्यात आणून ठेवले म्हणून वाचले ना, तशी कॅथलिक रजिस्टरं त्या ऑफिसात नव्हतीच, गावोगावच्या चर्चमध्ये होती म्हणून राहिली. नॅशनल लायब्ररीने 2015 मध्ये ती साधारण 1880 पर्यंतची फुकट ऑनलाइन टाकली. त्या साइटवर नावाने शोधता येत नाही, पान पान वाचावं लागतं आणि बरीचशी लॅटिनमध्ये. जाकोबुस म्हणजे जेम्स, गुलिएल्मुस म्हणजे विल्यम, हे मला शेजारच्या ख्रिस्ती बाईंनी लावून दिलं. पादीन-मादीनची, म्हणजे बाप्तिस्म्याच्या धर्मपिता-धर्ममातेची, नावं पण उतरवून घ्या असं त्याच म्हणाल्या, ते बहुतेक जवळचे नातेवाईक असतात, आणि खरंच त्यावरून आम्हाला खापरपणजोबांची मावशी सापडली. बाप्तिस्म्याची तारीख जन्माच्या आधीची दिसली तर घाबरू नका. सरकारी नोंदीला उशीर झाला की दंड, म्हणून आईबाप जन्मतारीख पुढे ढकलून सांगायचे. चर्चचीच खरी धरा.

जनगणना 1901 आणि 1911 ची पूर्ण आहे, नॅशनल अर्काइव्ह्जच्या साइटवर फुकट. वयं जुळणार नाहीत. म्हातारपणीची पेन्शन 1909 मध्ये सत्तरीला सुरू झाली, जन्मदाखले कुणाकडे नाहीत, त्यामुळे दहा वर्षांत पंधरा वर्षांनी म्हातारी झालेली माणसं दिसतात. पेन्शनसाठी वय सिद्ध करायला तेव्हा 1841 आणि 1851 च्या जनगणनेतून नोंदी शोधून घेत, ते शोधाचे फॉर्म शिल्लक आहेत आणि जळून गेलेल्यातलं एखादं कुटुंब असं हाती लागतं.

एक मात्र कराच, नावांची यादी बघून साइट बंद करू नका. घराचा वेगळा फॉर्म असतो तो उघडा. आमच्या घराच्या ओळीत भिंतीला 1 म्हणजे दगडविटांची, छपराला 0 म्हणजे गवताचं, खोल्यांना 2 म्हणजे दोन ते चार खोल्या, पुढे दोन खिडक्या. पुढच्या फॉर्मवर एक गोठा आणि एक डुकरांचा गोठा. 1911 ला लग्न झालेल्या बाईला किती मुलं झाली आणि किती जिवंत हेही विचारलंय. खापरपणजोबांच्या वहिनीच्या रकान्यात 9 आणि 6. हे मी सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं, त्यांनी ते दोन आकडे परत वाचायला लावले.

शेवटी ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन, 1847 ते 1864 मधलं, कोण कुणाची किती जमीन कसतं त्याची यादी, आस्क अबाउट आयर्लंडवर फुकट. नावाच्या डावीकडे नकाशाचा आकडा असतो, तोच आकडा सोबतच्या नकाशावर शोधायचा. आम्ही तो नकाशा आजच्या सॅटेलाइट फोटोवर ठेवून बघितला, रस्त्याचं वळण तेच, ओढा तोच, घर नाही पण कुंपणाची रेघ अजून दिसते. या चवथीला आत्येला टाउनलँडचं नाव कागदावर लिहून दिलं, तिने ते तीनदा म्हणून पाठ केलं.