ओव्हरक्लॉकिंगमध्ये विजेचा हिशेब कुठे चुकतो? या चुका टाळा

ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवलेला संगणक बंद पडला की दोष थेट प्रोसेसरच्या माथी मारला जातो. पुण्यात ओळखीच्या लोकांची मोठी यंत्रे जुळवून देताना आणि त्यांची दुखणी शोधताना मला मात्र वेगळाच अनुभव आला. बहुतेक तक्रारींचे मूळ भिंतीतल्या सॉकेटपासून प्रोसेसरपर्यंत जाणाऱ्या विजेच्या वाटेवरच कुठेतरी सापडले. म्हणून गीगाहर्ट्झचा आकडा वाढवण्याआधी वॅट आणि अँपिअर यांचा हिशेब मांडावा, असे मी आग्रहाने सांगत असतो.

हा हिशेब पहिल्याच पायरीवर चुकतो. वेग पंधरा टक्के वाढवला तर वीजही साधारण तेवढीच जास्त लागेल, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात प्रोसेसरची वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते. एखादा प्रोसेसर १.२० व्होल्टवर ४.५ गीगाहर्ट्झने चालत असेल आणि ५.२ गीगाहर्ट्झसाठी त्याला १.४० व्होल्ट द्यावे लागले, तर वेग १५ टक्क्यांच्या आसपास वाढतो, पण वीज तब्बल ५७ टक्क्यांनी वाढते. म्हणजे २५० वॅटचे जवळजवळ ३९० वॅट होतात. चिप तापली की गळतीचा, म्हणजे काम न करता वाया जाणारा प्रवाह वाढतो, तो यात धरलेलाच नाही. जून २०१८ मध्ये तैपेईच्या कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात इंटेलने २८ कोअरचा प्रोसेसर ५ गीगाहर्ट्झवर चालवून दाखवला, तेव्हा त्याला थंड ठेवण्यासाठी पाणी गार करणारा चिलर जोडावा लागला होता. घरच्या टेबलावर तसाच आकडा गाठू पाहणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

यंत्र कसे बंद पडते, ते आधी नीट पाहा

निळा पडदा आला, किंवा विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हिआ-लॉगर’च्या (WHEA-Logger, हार्डवेअरमधल्या चुकांच्या) नोंदी दिसू लागल्या, तर त्या वेगाला दिलेले व्होल्टेज बहुधा अपुरे आहे. संगणक चालू राहतो पण वेगाच्या चाचणीत गुण कमी पडतात, तेव्हा तापमानाची किंवा विजेची मर्यादा गाठली जाऊन प्रोसेसर स्वतःच वेग उतरवत असतो. कोणतीही सूचना न देता पडदा एकदम काळा झाला आणि पंखेही थांबले, तर प्रोसेसरकडे वळण्याआधी एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा), यूपीएस आणि वायरिंग तपासा. ही तीन दुखणी एकच समजून दर वेळी व्होल्टेज वाढवत राहणे, ही मी सर्वाधिक वेळा पाहिलेली चूक आहे. कारण तिसऱ्या प्रकारात व्होल्टेज वाढवल्याने भार वाढतो आणि दुखणे आणखी चिघळते.

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर ॲनिमेशनचे काम करणाऱ्या एका तरुणाचे यंत्र रेंडरिंग सुरू होताच दहा-पंधरा मिनिटांत काळे पडत असे. त्याने मेमरी बदलून पाहिली होती आणि आता प्रोसेसर बदलायच्या बेतात होता. मी एक्स्टेंशन बोर्डातून प्लग उपसला, तेव्हा एक पिन तपकिरी पडलेली होती आणि भोकाभोवतीचे प्लॅस्टिक मऊ होऊन आत दबले होते. प्लग पुन्हा बसवून मल्टिमीटर लावला. पूर्ण भारावर भिंतीच्या सॉकेटमध्ये २२२ व्होल्ट मिळत होते आणि बोर्डाच्या टोकाला २०७. प्रवाह साडेचार अँपिअर होता, म्हणजे सदुसष्ट वॅटच्या आसपास उष्णता त्या बारीक वायरीत आणि सैल पट्ट्यांमध्ये जिरत होती. शेजारच्या खोलीतला एसी सुरू झाला की भिंतीतले व्होल्टेजही खाली येई. एसएमपीएसला लागणारी वीज तेवढीच राहते, त्यामुळे व्होल्टेज घसरले की तो जास्त प्रवाह ओढतो: हजार वॅटसाठी २३० व्होल्टवर ४.३ अँपिअर पुरतात, तर १९० व्होल्टवर ५.३ अँपिअर लागतात. सैल जोड त्यामुळे अधिकच तापतो. असे यंत्र एक्स्टेंशनवर चालवू नये. डीबीपासून (घरातल्या एमसीबींच्या पेटीपासून) स्वतंत्र ओढलेली २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि १६ अँपिअरचे मोठ्या पिनचे सॉकेट परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावे.

त्याच वेळी अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लागला की झिणझिण्या येत असतील, तर बहुधा अर्थिंगची वायर कुठेतरी तुटलेली आहे किंवा मुळात जोडलेलीच नाही. ‘आमच्याकडे सगळ्याच संगणकांना येतात’ असे उत्तर मला अनेकदा मिळाले आहे, आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा आला आहे.

यूपीएसच्या बाबतीत व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) आणि वॅट (प्रत्यक्ष वापरता येणारी वीज) यांची गल्लत होते. खोक्यावर ‘१ केव्हीए’ लिहिलेले असते, पण घरगुती वापराचा असा यूपीएस बहुधा ६०० वॅटच देऊ शकतो. ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर आणि मोठे ग्राफिक्स कार्ड मिळून ही मर्यादा सहज ओलांडतात, आणि वीज गेली की दोन मिनिटांची उसंत मिळण्याऐवजी यूपीएस त्याच क्षणी मान टाकतो. बॅटरीवर चौकोनी लहर देणारे स्वस्त यूपीएस आजच्या ॲक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत ओढणारे सर्किट) असलेल्या एसएमपीएसशी कधी कधी जुळत नाहीत, त्यामुळे भार कमी असतानाही यंत्र बंद पडू शकते. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात, तपकीर गल्लीत, यूपीएस घेताना वॅटचा आकडा आणि शुद्ध साइन लहर, या दोन्ही गोष्टी विचारून घ्या.

केबल आणि व्हीआरएम

मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरसाठी बहुधा आठ पिनांचे दोन कनेक्टर असतात आणि एकच जोडला तरी यंत्र सुरू होते. म्हणून दुसरा तसाच रिकामा सोडून दिला जातो. ४८० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर ४० अँपिअर. एका कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या चारच पिना असल्याने प्रत्येकीवर १० अँपिअर येतात. दोन्ही जोडले की पाचच. दुसरी चूक याहून घातक आहे. जुन्या मॉड्युलर (केबली काढता-घालता येणाऱ्या) एसएमपीएसच्या केबली नव्या एसएमपीएसला कधीही लावू नका. मदरबोर्डकडचे टोक सारखे दिसले, तरी एसएमपीएसकडच्या पिनांचा क्रम प्रत्येक उत्पादकाचा वेगळा असू शकतो. पहिल्याच बटणाला भलत्या पिनेवर १२ व्होल्ट गेले, तर मदरबोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो.

पुढे हीच वीज १.२५ व्होल्टवर उतरते, तेव्हा ५०० वॅटसाठी व्हीआरएममधून, म्हणजे मदरबोर्डवरच्या व्होल्टेज उतरवणाऱ्या भागातून, ४०० अँपिअर वाहतात. त्यातले दहा टक्के जरी वाया गेले, तरी ५० वॅट उष्णता तिथेच साठते. पूर्वीच्या मोठ्या एअर कूलरचा वारा व्हीआरएमवरही जात असे. वॉटर कूलर बसवला की तो वारा बंद होतो. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीजवळ जातो, अशा वेळी व्हीआरएमच्या हीटसिंकवर एक छोटा पंखा रोखून ठेवला, तरी खूप फरक पडतो. साधा वॉटर कूलर पाण्याला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. त्यामुळे जानेवारीत बसवलेली सेटिंग मे महिन्यात टिकली नाही, तर दोष चिपचा नाही.

बायोसमधले आकडे

विजेची मर्यादा काढून टाकणे ही बायोसमधली (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या प्रोग्रॅममधली) नेहमीची चूक आहे, आणि काही वेळा ती वापरणाऱ्याच्या नकळत आधीच झालेली असते. अनेक इंटेल मदरबोर्डांवर ही मर्यादा ४०९६ वॅट, म्हणजे जवळजवळ नसल्यासारखीच ठेवलेली आढळते, जेव्हा कोअर आय९-१४९००केची अधिकृत टर्बो (वाढीव वेगाची) मर्यादा २५३ वॅट आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या प्रोसेसरांची झीज वाढीव व्होल्टेजमुळे होत असल्याचे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले आणि ऑगस्टमध्ये १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखणारा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला, बायोसमधून बदलता येणारा प्रोग्रॅम) दिला. हे प्रोसेसर असतील, तर बायोस अद्ययावत केल्याशिवाय ओव्हरक्लॉकिंगला हात लावू नका. मूळ सेटिंगवरही यंत्र अस्थिर असेल, तर वाढवलेल्या वॉरंटीत चिप बदलून मागा. एएमडीच्या रायझन ७००० एक्स३डी मालिकेत २०२३ मध्ये चिप जळाल्यानंतर एसओसी व्होल्टेज (मेमरी नियंत्रकासारख्या भागांचे व्होल्टेज) १.३ वर रोखण्यात आले. ती मर्यादा पाळा.

भारावर व्होल्टेज किती खाली येऊ द्यायचे ते ठरवणारे लोड-लाइन कॅलिब्रेशन सर्वांत वरच्या पातळीवर ठेवू नका. भारावर व्होल्टेज थोडे खाली येणे स्वाभाविक आहे. ते अजिबात येऊ नये असा हट्ट धरला, तर भार एकाएकी उतरताच व्होल्टेज क्षणभर वर उसळते, आणि मायक्रोसेकंदांत घडणारी ही उसळी पडद्यावरच्या आकड्यांत दिसतही नाही. मधली पातळी घ्या, एका वेळी एकच आकडा बदला आणि तो वहीत लिहून ठेवा. सिनेबेंच या वेगचाचणीच्या एका फेरीवर विसंबू नका. प्राइम९५ किंवा वाय-क्रंचर हे प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारे प्रोग्रॅम तासभर चालवून पाहा.

थंडीच्या मागे लागताना

चिलर वापरणाऱ्यांनी पुण्याच्या जुलैचा विशेष विचार करावा. खोलीत २६ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू, म्हणजे हवेतली वाफ थेंब धरू लागते ते तापमान, २३ अंशांच्या आसपास येतो. १५ अंशांचे पाणी फिरवले, तर नळ्यांवर आणि सॉकेटभोवती थेंब धरणारच. पावसाळ्यात पाणी २५ अंशांच्या खाली नेऊ नका.

द्रवरूप नायट्रोजनचा मोह असेल, तर त्याचाही हिशेब करा. उणे १९६ अंशांवर उकळणारा एक लिटर नायट्रोजन साधारण १६० किलोज्यूल उष्णता शोषतो. म्हणजे १००० वॅटच्या प्रोसेसरला तासाला किमान २२ लिटर लागतात, आणि प्रत्येक लिटरपासून सुमारे ७०० लिटर वायू तयार होतो. हा वायू खोलीतला प्राणवायू बाजूला सारतो. त्याला वास नसतो आणि गुदमरल्याची जाणीवही होत नाही. एसी लावून दारे बंद केलेल्या खोलीत, किंवा एकट्याने, हा प्रयोग करू नका. समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघड्या ठेवा, चेहऱ्यावर ढाल आणि हातात सैल मोजे घाला, आणि नायट्रोजनच्या भांड्याचे तोंड घट्ट बंद करू नका.